आखूड वायर

"एवढीशी वायर! माणसाने खेळायचं की टीव्हीला नाक घासायचं?"

रुचिर जमिनीवर उकिडवा बसून स्वतःशीच पुटपुटत होता. सुलू चहाचा कप घेऊन त्याच्या पाठीशी उभी होती, इतकी जवळ, की त्याच्या डोक्यावरचा टकलाचा गोल तिला वरून स्वच्छ दिसत होता. मागच्या खेपेला तो चार आण्याएवढा होता, यंदा रुपयाएवढा झाला होता.

"चहा घे आधी," ती म्हणाली.

"ताई, बघ ना यार हे. हातभर वायर देऊन ठेवलीय. आपण कसे मस्त, पार दारात बसून खेळायचो!"

"दारात काही हौसेने नव्हतो बसत. माई ओरडायची. लांब बसा रे, डोळे जातील..."

पुढचं तिने गिळलं आणि कप खाली ठेवला.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून माई म्हणाली, "ओरडायचेच मी. ऐकत कोण होतं?" आणि हसली. हसताना तिने तोंड रुचिरच्या आवाजाकडे वळवलं, अगदी बरोब्बर. सुलूला तिचं कौतुक वाटलं आणि थकवाही आला, दोन्ही एकदमच.

रुचिर पुण्याहून वर्षातून एकदा यायचा. आठवडाभर राहायचा, रोज सकाळी पोहे-जलेबी खायचा, आणि येताना घरासाठी एखादी अशी वस्तू आणायचा की जी नव्हती म्हणून घराचं आजवर काहीच अडलं नव्हतं. एकदा त्याने बिनतेलाने तळायचं यंत्र आणलं. त्यात सध्या कांदे-बटाटे असत. यंदा त्याने आणला होता व्हिडिओ गेम, आणि तोही जुना. म्हणजे वस्तू नवी, पण गेम जुना. लहानपणी त्यांच्याकडे करड्या रंगाचा, पोळ्यांच्या डब्याएवढा एक गेम होता, त्याचीच ही हुबेहूब नक्कल, फक्त तळहातावर मावेल एवढी. तीच लाल बटणं, तसंच झाकण, बाजूला तशाच फटी. जुने सगळे खेळ म्हणे आत आधीच भरलेले.

"हल्ली हे जुने गेम असे छोटे करून परत काढतात," त्याने स्टेशनवरून येताना सांगितलं होतं. सिंहस्थासाठी रस्ते खणलेले होते आणि ई-रिक्षा दर दोन वाक्यांमागे एक उडी मारत होती. "आमच्या वयाची माणसं वेड्यासारखी घेतात, ताई. मतलब, रांगा लागतात."

"आणि खेळतात कधी?"

"खेळत नाहीत. शोकेसमध्ये ठेवतात." मग तो म्हणाला, "मी मात्र इथे खेळणार आहे. त्याच खोलीत."

तर ते खेळणं आता त्याने कौतुकाने माईच्या हातात दिलं. "माई, बघ काय आणलंय!"

माईने बोटांनी चाचपलं. तिचा अंगठा फटींवरून फिरला, कोपऱ्याशी थबकला. तोंडावर 'साबणाची डबी' असे शब्द अगदी आलेच होते, ते सुलूला दिसले.

"अगं माई, आपला व्हिडिओ गेम!" सुलू मोठ्याने म्हणाली. "तात्यांनी इंदूरहून आणला होता ना, तोच. इवलासा केलाय बघ."

"दिसतंय मला," माई म्हणाली. "गोड दिसतोय की! रंगसुद्धा तोच." मग तिने झाकणाच्या कडेत नख घातलं. "याला कॅसेट कुठून लावायची रे?"

"कॅसेटच नाही. झाकण नुसतं दाखवायला आहे. उघडत नाही ते."

"मग फुंकर कुठे मारायची?"

तिघंही हसले. खरोखरचे हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. तेव्हा कॅसेट लागली नाही की टीव्हीवर नुसत्या आडव्या रेघा यायच्या. मग ती काढायची, तिच्या दातांवर फुंकर मारायची आणि परत खुपसायची. रुचिर गाल फुगवून फुंकायचा, तात्या बँकेतून आल्यावर टाय न सोडता फुंकायचे, पण लागायची नाही. मग आतल्या खोलीत दहावीचा अभ्यास करणाऱ्या सुलूला हाक जायची. तिच्या फुंकरीने लागते, असं घरात ठरूनच गेलं होतं. ती यायची, फुंकायची, गेम सुरू व्हायचा आणि रुचिर खेळायचा. सशाचा गेम होता. ससा नदीतल्या ओंडक्यांवरून उड्या मारत गाजरं गोळा करायचा. पडला की दुसऱ्याची पाळी. रुचिरचा ससा पडायचाच नाही. पडला तरी माई स्वयंपाकघरातून म्हणायची, "लहान आहे गं तो. खेळू दे अजून एकदा."

आता माईला दिसत नव्हतं.

काचबिंदू होता. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर परत येत नाही, आहे ती सांभाळू. पण तीही गेली. आता खिडकी कुठे आहे एवढं माईला उजेडावरून कळायचं, आणि त्या उजेडात कुणी आलं तर काहीतरी हललं, इतकंच. बाकी सगळं घर तिच्या हातांत होतं. आतल्या खोलीचं दार, दाराला लागून दिवाण, दिवाणाच्या लाकडी कडेवरून हात सरकवत टोकापर्यंत, तिथे फ्रिज, फ्रिजनंतर न्हाणीघराची कडी. एखाद्या रेल्वेसारखी माई या रुळावरून जायची-यायची, कुठेही न अडखळता. सुलू केर काढताना खुर्ची हलवायची, तर फरशीची रेघ बघून परत तिथेच ठेवायची.

हे रुचिरला सांगायचं नव्हतं. "तुला माझी शप्पथ आहे," माई म्हणाली होती. "कळलं की तो मला उचलून पुण्याला नेईल. अकरावा मजला. तिथल्या भिंती मला ओळखत नाहीत."

म्हणून सुलू मोठ्याने बोलायला लागली. दारात कुणी आलं की माईला ऐकू जाईल अशा आवाजात, "या या, नंदावहिनी! अगं बाई, एकट्याच? नवीन पर्स वाटतं?" मग माई खुर्चीतून म्हणायची, "ये गं नंदा. पर्स छान आहे हो." सुलूताईंचा आवाज हल्ली फार वाढलाय, ऑफिसात बोलायला मिळत नसेल बिचारीला, असं गल्लीत बोललं जाई. रुचिरचा व्हिडिओ कॉल आला की, "माई, बघ, निळा शर्ट घातलाय त्याने." तो घरी आला की सुलूने सकाळचा पेपर सुलटा करून माईच्या हातात द्यायचा, आणि मधून मधून पान उलटायची आठवण म्हणून खोकायचं.

रुचिर म्हणायचा, "माई काय ठणठणीत आहे! तुम्ही दोघी मजेत आहात यार. आमचीच तिकडे वाट लागलीय."

त्याचा विश्वास बसला होता. किंवा विश्वास बसणं त्याच्या सोयीचं होतं. यातलं कुठलं खरं, याचा विचार करायचा नाही असं सुलूने ठरवून टाकलं होतं. विचार करायलाही अंगात जोर लागतो.

यंदा मात्र गाठ सोमवारशी होती. सुलू विमा कंपनीच्या ऑफिसात होती. तिला बढती आली होती, आणि बढती घ्यायची तर भोपाळला जायचं होतं. याआधी आली तेव्हा तिने घरच्या अडचणी लिहून नाकारली होती. "मॅडम, इस बार भी ना करेंगी, तो आगे कोई पूछेगा नहीं," साहेबांनी अगदी मायेने सांगितलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. रुचिर रविवारी परत जाणार होता.

भोपाळात तिला काय हवं होतं? काही फार नाही. तलाव नको, बढतीचा रुबाबही नको. एक खोली, जिच्यात खुर्ची कुठेही ठेवली तरी चालेल.

पण मागायचं कसं? माईला तू ने, किंवा दिवसभराची बाई ठेवू, किंवा दोघं मिळून काहीतरी ठरवू, यातलं काहीही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: का? माई तर ठणठणीत आहे! पहिल्याच संध्याकाळी तिने कडेकडेने सुरुवात करून पाहिली.

"रुचिर, समजा मी काही दिवस बाहेरगावी गेले..."

"जा ना! मी कधीचं सांगतोय. केरळला जा, मस्त फिरून ये. माई राहील, कलाबाई आहे ना."

माई तेव्हा मटार सोलत होती. तिचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले. सुलूने विषय मटारावर आणला.

कलाबाई सकाळी भांडी-फरशीला यायची, आणि तिला अर्थातच सगळं माहीत होतं. शुक्रवारी सकाळी तिने सुलूला मोरीपाशी गाठलं. "दीदी, भैया को बता दो अब. मेरे से और झूठ नी बोला जाता. कल पूछ रिये थे, माताजी टीवी पे क्या देखती हैं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मैंने कई, सब देखती हैं." तिने कढई जोरात घासली. "पाप लगेगा तो आधा आप लेना."

तसं बघितलं तर गेमने माईची अडचण फारच सोपी केली होती. चार दिवस ती रुचिरच्या मागे आपल्या खुर्चीत बसत होती आणि एकदाही चुकली नव्हती. त्या गेमचे आवाज तिला पाठ होते. बारा महिने पोळ्या लाटता लाटता ऐकलेले. गाजर मिळालं की टिंग, ओंडका हुकला की डुबुक, आणि ससा मेला की एक रडकी पिपाणी.

"पडलास ना रे?"

"माई, तुला अजून कळतं!"

"डोळे आहेत मला," माई म्हणायची. सुलू ते ऐकायची आणि कणीक जरा जास्तच तिंबायची.

शुक्रवारी ऑफिसातून येताना सुलूने टावर चौकातून कचोऱ्या घेतल्या. आज सांगायचं, असं तिने फ्रीगंजच्या पुलावर ठरवलं होतं. घराच्या वळणावर ते पुन्हा उद्यावर गेलं. चैत्राचं ऊन होतं. पाच वाजून गेले तरी पश्चिमेच्या खिडकीतून सगळी खोली नुसती पांढरी झाली होती. ती चपला काढून आत आली आणि कचोऱ्यांचा पुडा हातात तसाच राहिला.

दिवाण जागेवर नव्हता.

तो खोलीच्या मधोमध, टीव्हीपासून हाताच्या अंतरावर आला होता. त्यावर उशांचा डोंगर, डोंगराला टेकून रुचिर, मांडीवर गेमचं रिमोट, आणि ती वायर टीव्हीपर्यंत ताठ ताणलेली.

"कसं आहे?" तो वळून म्हणाला. "वायर नाही ना पुरत, मग दिवाणच पुढे घेतला. दिमाग लगाना पडता है, ताई."

"रुचिर, तो दिवाण..."

आतल्या खोलीचं दार उघडलं. माई दुपारची झोप घेऊन उठली होती. नेहमीसारखी ती चौकटीतून बाहेर आली, नेहमीसारखा उजवा हात बाजूला नेला, कडेवर ठेवायला. हात खाली गेला. तिथे हवा होती. सुलूने ओरडायला तोंड उघडलं, पण काय ओरडायचं? रुचिरसमोर काय ओरडायचं? तेवढा एक क्षण गेला. माईने हात आणखी लांब केला, भिंत शोधायला म्हणून ती जराशी वळली, आणि त्या स्वच्छ पांढऱ्या उन्हात, भरल्या दिवसाउजेडी, तिचा गुडघा दिवाणाच्या कोपऱ्यावर आपटला. ती आवाज न करता खाली बसली.

दोघंही धावले.

"माई! लागलं का? अगं, चष्मा कुठाय तुझा?"

"काही नाही, काही नाही," माई म्हणाली. चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ शाबूत होती. "ती मेली वायर आली पायात."

वायर दिवाणाच्या पलीकडे होती. माई अलीकडे बसली होती. तिघांपैकी दोघांना ते दिसत होतं.

"हो ना," रुचिर म्हणाला. "वायरच साली. सॉरी माई. आखूड आहे ना, म्हणून लटकते."

"वायरच," सुलू म्हणाली.

तिने माईला उठवून दिवाणावर बसवलं, गुडघ्याला बाम चोळला. हाड शाबूत होतं. फक्त हिरवं-निळं होऊन सुजायला लागलं होतं. रुचिर शेजारी उभा राहून आखूड वायरींविषयी बोलत राहिला. कंपनीला लिहायला पाहिजे, म्हणाला. त्याच्या आवाजात एक घाई होती. सुलूला ती ओळखीची वाटली. तिच्या स्वतःच्या आवाजात ती रोज असायची.

"दिवाण जागेवर लाव," ती म्हणाली.

"लावतो. माई जरा बसू दे. तोवर ही लेव्हल करतो. बघ हं माई, आता कसा पार होतो ते!"

सुलूने कचोऱ्या ताटलीत काढून आणल्या. माई बसली, रुचिर खेळायला लागला, टिंग, टिंग, डुबुक, आणि माई म्हणाली, "अरेरे." जणू काही झालंच नव्हतं. घर पुन्हा रुळावर आलं होतं, फक्त रूळ मधोमध आले होते.

तेवढ्यात रुचिरचा फोन वाजला. पुण्याचं ऑफिस. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला आणि रिमोट सुलूच्या हातात कोंबलं. "ताई, धर, धर! मारू नकोस त्याला." आणि बोलत बोलत बाहेर ओट्यावर गेला.

असंच असायचं. त्याला तहान लागली, दार वाजलं, की धर ताई. ससा जिवंत ठेवायचं काम तिचं. सुलू माईच्या शेजारी दिवाणाच्या कडेला टेकली आणि बटणं दाबायला लागली. बोटांना सगळं आठवत होतं, याचं तिला नवल वाटलं. ससा एका ओंडक्यावरून दुसऱ्यावर गेला. आवाज नव्हता. बाहेरून रुचिरचं अर्धं-मुर्धं इंग्रजी येत होतं, मग तेही थांबलं. तो आत आला की बाहेरच आहे, हे नुसत्या कानांनी कळण्यासारखं नव्हतं.

माई टीव्हीकडे तोंड करून बसली होती. गुडघ्यावर हात, चेहऱ्यावर ते तयार हसू.

माई, तो अजून बाहेरच आहे, मीच खेळतेय हं. एवढं वाक्य होतं. असली वाक्यं दिवसातून कितीतरी वेळा सुलूच्या तोंडून आपोआप जायची, श्वासासारखी. आताही ते ओठांपर्यंत आलं. आणि तिला इतका कंटाळा आला, की ते तिथेच राहिलं. राग नव्हता, ठरवलेलंही काही नव्हतं. नुसता बोलायचा कंटाळा. ससा पाण्यात पडला, बिनआवाज. दुसरा ससा आला.

रुचिर परत आला होता. अनवाणी, दारात उभा. सुलूने त्याला पाहिलं.

"वा रे!" माई टीव्हीकडे बघत म्हणाली. "कुठवर पोचलास रे, रुचिर?"

सुलूने रुचिरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर आश्चर्य नव्हतं. तिने नीट शोधलं, पण नव्हतं. चोरी पकडल्यासारखा तो मान खाली घालून फरशीकडे बघत होता. म्हणजे याला माहीत होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. अकरावा मजला माईला नको होता तसा त्यालाही नको होता.

त्याने डोळे उचलून सुलूकडे पाहिलं. बोल ना ताई, नेहमीसारखं काहीतरी बोल, असं म्हणणारे डोळे. सुलू बोलली नाही.

"तिसऱ्या लेव्हलला, माई," तो दारातून म्हणाला.

माईचं हसू हललं. आवाज टीव्हीसमोरून आला नव्हता. तिने मान दाराकडे वळवली, मग परत शेजारी, जिथे बटणांची बारीक टकटक चालली होती. हात लांब केला. सुलूच्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्यावर तो येऊन थांबला. घड्याळ तिने ओळखलं.

"सुलू तू होय," ती म्हणाली. "बोलली का नाहीस गं?"

"दमले, माई."

माईने मान हलवली. हात काढला नाही. अंगठा ती घड्याळाच्या काचेवरून फिरवत राहिली, त्या साबणाच्या डबीवरून फिरवला होता तसा.

"भोपाळला सोमवारी कळवायचं आहे ना तुला?"

सुलूच्या हातातलं रिमोट खाली गेलं. ती साहेबांशी फोनवर बोलली होती ते न्हाणीघरात, नळ सोडून.

"नळ किती वेळ चालू ठेवतेस? पाणी वाया जातं," माई म्हणाली. मग तिने तोंड दाराकडे केलं, बरोब्बर नाही, थोडं डावीकडे, चौकटीकडे, आणि ते तसंच राहू दिलं.

"रुचिर, इकडे ये. माझ्यासमोर बस. नाहीतर कुठेही बस, मला सारखंच आहे. मला दिसत नाही रे, बाळा."